डिस्चार्ज बुकात न चढलेली मेडलं: टेरिटोरियल आर्मी आणि रिझर्व्हच्या जवानांनी नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी

'माझं मेडल राहिलं आहे, ते मिळावं' असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला की बहुतेक वेळा ठरावीक छापाचं उत्तर येतं: उपलब्ध नोंदींनुसार आपण सदर पदकास पात्र नाही. अर्जदार चिडतो. पण उत्तर लिहिणाऱ्या क्लार्कच्या बाजूने पाहिलं तर ते खोटं नसतं. त्याच्यासमोरच्या शीट रोलमध्ये, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदपत्रकात, तुम्ही त्या तारखेला त्या भागात होता असं कुठेच दिसत नसतं, आणि जे कागदावर नाही त्यावर सही करायला तो धजणार नाही. म्हणून या लेखातलं मुख्य सांगणं एवढंच आहे: मेडल नंतर मागा, आधी नोंद मागा. बोलावणं, हजर होणं, एम्बॉडीमेंट (युनिट पूर्ण वेळ सेवेवर घेतलं जाणं), अटॅचमेंट (दुसऱ्या तुकडीला जोडलं जाणं) यांपैकी जी नोंद गळाली असेल ती चढली, की बहुतेक मेडलं तिच्या मागोमाग येतात.

रिझर्व्हवाल्यांचीच मेडलं का राहतात

पूर्ण वेळ नोकरी केलेल्या शिपायाचा प्रवास सरळ असतो. एक नंबर, एक रेजिमेंट, एक रेकॉर्ड ऑफिस. युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या घडामोडींची लेखी ऑर्डर, काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला पोचते, शीट रोलमध्ये चढते, आणि पेन्शनीवर जाताना तिथूनच डिस्चार्ज बुकात उतरते.

रिझर्व्हवाल्याचा प्रवास तुटक असतो. जुन्या पद्धतीत काही वर्षं कलर सर्विस (प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी) करून जवान घरी येई आणि पुढची वर्षं रिझर्व्हच्या यादीवर राही. १८८८ च्या इंडियन रिझर्व्ह फोर्सेस अ‍ॅक्टखाली त्याला प्रशिक्षणाला किंवा लढाईला परत बोलावता येई. दोन्ही मिळून १५ वर्षं भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. टेरिटोरियल आर्मीचं, म्हणजे टीएचं, वेगळं. १९४८ चा कायदा, १९४९ पासून प्रत्यक्ष उभारणी. जवान एरवी शेतावर किंवा नोकरीवर, वर्षातून काही काळ प्रशिक्षण, आणि युनिट एम्बॉडी झालं की पूर्ण वेळ गणवेशात. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही लढायांत टीएच्या तुकड्यांनी काम केलं. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९, या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियन आपल्याकडे सर्वांच्या ओळखीच्या आहेत.

गळती होते ती सांध्यांवर. बोलावून घेतलेल्या रिझर्व्हिस्टला जुन्या पलटणीत न पाठवता दुसरीकडेच जोडलं जातं. मग मेडल रोल, म्हणजे मेडलच्या मानकऱ्यांची यादी, ती दुसरी पलटण करते आणि त्यात 'बाहेरचा' माणूस सुटतो. टीएच्या कंपनीला एखाद्या रेग्युलर ब्रिगेडखाली ठेवलं असेल तर तिची पार्ट टू ऑर्डर कोणी काढायची यातच गोंधळ होतो.

सगळ्यात मोठं कारण मात्र वेळेचं आहे. मेडल लढाईनंतर जाहीर होतं. १९६५ च्या लढाईची समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल ही पदकं १९६७ मध्ये निघाली, १९७१ ची पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७३ मध्ये. रेग्युलर जवान तोवर पलटणीतच होता, त्याच्या छातीवर ती लागली. रिझर्व्हिस्ट मात्र केव्हाच गावी परतून औत धरून बसलेला. त्याचं डिस्चार्ज बुक आधीच बंद झालेलं असे आणि पुढे त्याला विचारणारं कोणी नसे.

आधी ठरवा, नक्की काय राहिलंय

यात चार वेगळ्या भानगडी आहेत आणि चौघींची वाट वेगळी आहे. डिस्चार्ज बुकात मेडलचं नाव आहे पण मेडल हातात आलं नाही, तर ते फक्त पुरवठ्याचं प्रकरण. साधा अर्ज पुरतो, मग वाट पाहा. मूळ मेडलांचा तुटवडा लष्करात जुनाच आहे. सेवेतले जवानही बाजारातून घेतलेली मेडलं वर्दीवर लावताना दिसतात. मेडल मिळालं होतं पण हरवलं, तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि पैसे भरून दुसरी प्रत, असा तो मार्ग. नाव किंवा नंबर चुकीचा पडला असेल तर ती दुरुस्ती. आणि नावच नाही, तर हा लेख त्यासाठी आहे.

चारही तक्रारी एकाच पत्रात कोंबण्याचा मोह होतो. तसं करू नका. पत्र चार टेबलांवर फिरतं आणि सोपं काम अवघड कामापायी अडकून पडतं.

पात्रता: तारखा आणि ठिकाणं

आपल्याकडे 'लढाईच्या वेळी ते फौजेत होते' एवढ्यावर मेडल धरलं जातं. नियम तसा नाही. प्रत्येक मेडलला स्वतःची तारीख किंवा मुदत आहे आणि बऱ्याच मेडलांना ठिकाणही आहे.

सर्वांत सोपी म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनाची मेडलं. २५ व्याला १५ ऑगस्ट १९७२, ५० व्याला १५ ऑगस्ट १९९७, ७५ व्याला १५ ऑगस्ट २०२२. त्या दिवशी तुम्ही सेवेत होता का, एवढाच प्रश्न. टीएवाल्याने म्हणूनच त्या तारखेला आपलं युनिट एम्बॉडी होतं का आणि आपण स्वतः हजर होतो का, हे कागदावर शोधायचं.

१९६५ साठी दोन पदकं. समर सेवा स्टारची मुदत ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६, आणि माणूस लढाईच्या क्षेत्रात असायला हवा. रक्षा मेडलची व्याप्ती मोठी. ५ ऑगस्ट १९६५ रोजी सेवेत असणं आणि १८० दिवसांची सेवा हा तिचा कणा. १९७१ साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार. संग्राम मेडलची मुदत लांब, ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२, आणि सीमेलगतच्या ठरवून दिलेल्या राज्यांत सेवा.

त्याआधीची जनरल सर्विस मेडल १९४७ ही एकच मेडल, पण तिच्यावर मोहिमेप्रमाणे क्लॅस्प (मोहिमेच्या नावाची पट्टी) येतो. महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला यातला 'गोवा १९६१' हा क्लॅस्प जवळचा वाटेल. मेडल आहे पण क्लॅस्पची नोंद नाही, असंही होतं. तेव्हा अर्जात मेडल न मागता क्लॅस्पच मागायचा.

टीएची स्वतःची दोन पदकं आहेत: अधिकाऱ्यांना टेरिटोरियल आर्मी डेकोरेशन, जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि जवानांना टेरिटोरियल आर्मी मेडल. दुसऱ्यासाठी १२ वर्षांची सेवा लागते आणि तिथे वार्षिक प्रशिक्षणाची प्रत्येक नोंद मोजली जाते. एखाद्या वर्षाच्या कॅम्पची नोंद गळाली की अख्खं मेडल जातं. मला विचाराल तर टीएच्या जवानाने पहिल्यांदा हेच तपासावं, कारण इथे लढाईचं क्षेत्र सिद्ध करण्याची कटकट नाही.

एक नाजूक बाब. रिझर्व्हच्या यादीवर नाव होतं पण प्रत्यक्ष बोलावलं गेलं नाही, अशा माणसाला त्या लढाईचं मेडल मिळत नाही. घरच्यांना हे पटवणं कठीण जातं, विशेषतः आजोबा गेल्यानंतर. पण न मिळणाऱ्या मेडलसाठी वर्ष-दोन वर्षं पत्रं लिहीत बसण्यापेक्षा हे आधीच समजून घेतलेलं बरं.

समजा, एक उदाहरण

कल्पना करा: चंदगड तालुक्यातला एक जवान १९५७ मध्ये भरती झाला, १९६४ मध्ये रिझर्व्हवर आला, सप्टेंबर १९६५ मध्ये तारेने बोलावणं आलं, बेळगावला हजर झाला आणि तिथून पंजाबात दुसऱ्या एका पलटणीला जोडला गेला. १९६६ मध्ये परत घरी. डिस्चार्ज बुकात कलर सर्विस १९५७ ते १९६४, रिझर्व्ह त्यापुढे, आणि मेडलच्या रकान्यात रेघ.

घरचे रक्षा मेडल मागतात. तिथे गाडी अडते, कारण ५ ऑगस्टला तो रिझर्व्हवर होता. मजबूत दावा समर सेवा स्टारचा आहे आणि तो तीन नोंदींवर उभा राहतो: परत बोलावल्याची व हजर झाल्याची तारीख, दुसऱ्या पलटणीला जोडल्याची पार्ट टू ऑर्डर, आणि ती पलटण त्या मुदतीत लढाईच्या क्षेत्रात असल्याचा पुरावा. पहिल्या दोन सापडल्या की तिसरी फार अवघड नसते. पलटण कुठे होती हे लष्कराच्या दप्तरात असतंच. रक्षा मेडलचा मुद्दा वेगळ्या पत्रात, नंतर.

घरातले कागद बाहेर काढा

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), टीएचं डिस्चार्ज सर्टिफिकेट ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण अशा प्रकरणात ट्रंकेच्या तळाचे कागद जास्त बोलतात: बोलावल्याची तार, रेल्वे वॉरंटची पावती, पे बुक, घरी आलेली पत्रं आणि त्यांवरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का व तारीख, मनीऑर्डरची कुपनं, हॉस्पिटलचा कागद, पलटणीचा ग्रुप फोटो ज्याच्या खाली तारीख आणि नावं छापली आहेत. टीएवाल्याने आपल्या सिव्हिल नोकरीतलंही पाहावं. कारखाना, एसटी, रेल्वे किंवा जिल्हा परिषदेने एम्बॉडीमेंटच्या काळात जी रजा दाखवली तिची सर्विस बुकातली नोंद हा उत्तम पुरावा असतो, कारण तो लष्कराबाहेरच्या कार्यालयाने त्या वेळीच लिहिलेला असतो.

नाव आणि गाव हा आपल्याकडचा खास घोळ. भरतीच्या वेळी 'गणपत शिंदे' असलेला माणूस आधार कार्डावर 'शिंदे गणपतराव भाऊ' असतो. जिल्हे बदलले: सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, चंदगड तालुका १९५६ मध्ये बेळगावातून कोल्हापुरात आला. अर्जात नाव आणि पत्ता जसा भरतीच्या वेळी लिहिला होता तसा आधी द्या, मग आजचा. आर्मी नंबर मात्र एकही अंक न चुकता. नंबर बरोबर असेल तर बाकीचं निभावतं.

डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे नवा नंबर मिळतो आणि रेकॉर्ड कन्नूरला जातं. पहिल्या सेवेतलं मेडल दुसऱ्या डिस्चार्ज बुकात नसेल तर ते मुळात चढलंच नाही की फक्त पुढे उतरवलं गेलं नाही, हे जुनं बुक पाहून ठरवा. अर्जात दोन्ही नंबर द्या.

कोणत्या दारात जायचं

टीएच्या इन्फन्ट्री बटालियनच्या जवानांचं रेकॉर्ड ज्या रेजिमेंटशी बटालियन जोडलेली आहे तिच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचं कामठीला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला. नौदलाच्या फ्लीट रिझर्व्हमधल्या खलाशांनी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलवाल्यांनी दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लिहायचं.

थेट लिहिता येतं, तरी पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलेलं चांगलं. त्यांच्या फॉरवर्डिंग लेटरला जावक क्रमांक असतो आणि स्मरणपत्र त्यांच्या नावाने जाऊ शकतं. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात. पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय हे त्यांना समजावत बसावं लागत नाही.

पहिलं पत्र: फक्त उतारा मागा

पहिल्या पत्रात मेडलचा उल्लेखही नको. शीट रोलची साक्षांकित प्रत, सर्विस पर्टिक्युलर्स, आणि अमुक ते अमुक काळातल्या पार्ट टू ऑर्डरच्या नोंदी एवढंच मागा. सोबत डिस्चार्ज बुकाची आणि ओळखपत्राची प्रत. जवान हयात नसेल तर अर्ज पत्नीच्या नावाने. त्याही नसतील तर मुलांनी मृत्यू दाखला आणि नातं सिद्ध करणारा कागद जोडून करावा.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर लष्कराकडे १० रुपये भरून करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही निराशा झाली तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्याच्या सेवेचे कागद खासगी माहिती म्हणून नाकारले जातात, म्हणून अर्ज स्वतः जवानाने किंवा वारसाने पुराव्यासह करावा. उत्साही पुतण्याने आपल्या नावावर करू नये. आरटीआयने नोंद दुरुस्त होत नाही, फक्त कागद हातात येतो. 'मला मेडल का दिलं नाही?' असा प्रश्न त्यात विचारला तर तो माहितीत बसत नाही म्हणून परत येतो. 'अमुक पलटणीच्या मेडल रोलमध्ये अमुक नंबरची नोंद आहे काय, असल्यास प्रत द्यावी' असा विचारा.

दुसरं पत्र: नोंद आणि मेडल

उतारा आला की नेमकी कुठली कडी तुटली आहे ते दिसतं. आता खरा अर्ज. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. सुंदर मराठीत लिहिलेलं पत्र सागर किंवा कन्नूरला कोणी वाचणार नाही. एक पान, फार तर दीड. देशसेवेवरचे परिच्छेद गाळा. पहिल्या परिच्छेदात नंबर, रँक, नाव, पलटण, सेवेच्या तारखा. दुसऱ्यात गळालेली नोंद, तारखेसह. तिसऱ्यात पुरावे, प्रत्येकाला परिशिष्ट क्रमांक देऊन. चौथ्यात मागणी, आणि ती याच क्रमाने:

"वरील पुराव्यांच्या आधारे माझ्या शीट रोलमध्ये दिनांक अमुक ते अमुक या काळातील सेवेची नोंद घ्यावी, त्यानुसार अमुक पदकाची पात्रता तपासून पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी, आणि डिस्चार्ज बुकात नोंद करून पदक पाठवावे. पात्रता नसल्यास कोणत्या नियमाने नाही ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. पुढे अपिलात जायची वेळ आली तर त्याच उत्तरावर सगळं उभं असतं.

मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या पत्रासोबत कधीच पाठवू नका. नोंद मंजूर झाल्याचं लेखी आल्यावर ते मागवतात. तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो काढून स्पीड पोस्टने किंवा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. त्याच पलटणीतल्या सोबत्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर जोडा, पण त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकात तेच मेडल असल्याची प्रत त्यासोबत हवी. नुसत्या आठवणीला कार्यालयात वजन नसतं.

'कागद नष्ट केले आहेत' असं उत्तर आलं तर

रिझर्व्हवाल्यांना हे उत्तर फार मिळतं. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. आर्मी रेग्युलेशनच्या ५९५ व्या परिच्छेदाचा हवाला त्या उत्तरात असतो. पेन्शनरांचे कागद त्याहून बरेच जास्त काळ ठेवतात.

पण सगळंच जळालेलं नसतं. रेकॉर्ड ऑफिसात लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवतात. त्यात भरती, डिस्चार्ज आणि मोजक्या नोंदी असतात. म्हणून पुढच्या पत्रात नेमकं 'लाँग रोलचा उतारा' मागा. रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळत असेल तर पेन्शन मंजुरीचे कागद प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे गेलेले असतात. तिथे कलर आणि रिझर्व्ह सेवेची विभागणी तारखांसह सापडू शकते. टीए बटालियन आजही अस्तित्वात असेल तर तिच्या मुख्यालयाला एम्बॉडीमेंटच्या तारखांचं पत्र मागावं. एका माणसाचं सोडा, अख्ख्या बटालियनच्या तारखा द्यायला कोणाची ना नसते, आणि त्यावर तुमचा पे बुकाचा पुरावा बसवता येतो.

नकार आला तर

त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या ओआयसीला (प्रमुख अधिकाऱ्याला) एकदा फेरविचाराचं पत्र द्या, नवा पुरावा असेल तरच. त्यापुढे लष्कर मुख्यालयातल्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेचं सेरेमोनियल अँड वेल्फेअर संचालनालय. मेडलांचा विषय तिथला. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरची तक्रार निदान फाइल हलवते, कारण तिला क्रमांक असतो आणि ती बंद करताना कारण लिहावं लागतं.

सशस्त्र दल न्यायाधिकरण हा शेवटचा टप्पा. २००७ च्या कायद्याने ते आलं आणि त्याचं मुंबईत खंडपीठ आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जायचं असतं. निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही तरी दार उघडतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं कारण द्यावं लागतं. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. तरी एका मोहिमेच्या मेडलसाठी इथवर जावं का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. बहुतेक मोहिमेच्या मेडलांमागे पैसा नाही. शौर्यपदकाचं वेगळं. त्याला मानधन आहे, आणि टीएच्या जवानाला तर शौर्यपदकामुळे माजी सैनिकाचा दर्जाही मिळतो, जो एरवी एम्बॉडीड सेवेची पेन्शन किंवा सेवेमुळे आलेलं अपंगत्व असल्याशिवाय मिळत नाही. तिथे न्यायाधिकरणात जायला मुळीच कचरू नये.

'मेडल काढून देतो' म्हणणारे दलाल तालुक्याच्या गावी भेटतात. वर सांगितलेल्या वाटेत टपालखर्च, झेरॉक्स आणि आरटीआयचे दहा रुपये यापलीकडे काही लागत नाही.

मेडल आल्यावर

पाकीट उघडलं की मेडलची कड पाहा. नंबर, रँक, नाव तिथे कोरलेलं असतं. चूक असेल तर लगेच परत पाठवा, वर्षभराने नाही. मेडलसोबत पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लेखी मिळाली का ते तपासा, आणि डिस्चार्ज बुकात शिक्क्यासह नोंद झाली की तिची प्रत सैनिक कल्याण कार्यालयातल्या तुमच्या फाइलला लावून घ्या. डीएससीची दुसरी सेवा असेल तर त्याच पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडून कन्नूरलाही पत्र जायला हवं.